बी सरकवला की काय होतं?

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. त्यात ‘वाय = ए·एक्स² + बी·एक्स + सी’ लिहून तिन्ही अक्षरांना स्लायडर द्या. सी सरकवला की आलेख वर-खाली जातो. ए धन असताना वाढवला की अरुंद होतो.

खरी गंमत बीची. आलेख नुसता डावी-उजवीकडे सरकेल असं वाटतं, पण सरकताना तो वर-खालीही होतो. शिरोबिंदूचा माग चालू ठेवा: ठिपक्यांतून दुसराच पॅराबोला उमटतो, तेवढ्याच रुंदीचा, पण उलटा! मुलांना हे फळ्यावर सांगण्याआधी स्वतः पाहू द्यावं. मग सिद्धता एका ओळीची: शिरोबिंदूवर बी = −२ए·एक्स; ही किंमत मूळ समीकरणात घातली की उरतं वाय = −ए·एक्स² + सी.