विमान आणि त्याचे अंक : ‘पी-२६’चे भूमिकाखेळातील रूपांतर

मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि प्रयत्नांचे यशापयश फाशांनी ठरते. अशा खेळात एखादे ऐतिहासिक विमान आणावयाचे म्हणजे त्याचे वर्णन नियमांच्या भाषेत उतरवावयाचे. हे एक प्रकारचे भाषांतरच होय. म्हणून मूळ अर्थापैकी काय टिकते व काय गळते, हा प्रश्न येथेही उपस्थित होतो.

बोइंग कंपनीचे ‘पी-२६’ हे या दृष्टीने उद्‌बोधक उदाहरण आहे. याचा पहिला नमुना मार्च १९३२ मध्ये उडाला. अमेरिकी लष्कराच्या सेवेत दाखल झालेले, संपूर्ण धातूचे आणि पंखांची एकच जोडी असलेले हे पहिले लढाऊ विमान. मात्र वैमानिकाची बैठक उघडी, चाके खाली कायम राहिलेली आणि पंख बाहेरून तारांनी ताणलेले, ही जुन्या विमानांची लक्षणे त्यात शिल्लक होती. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे २३४ मैल होता.

स्टीव्ह जॅक्सन यांची ‘गर्प्स’ ही नियमपद्धती १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत लढाईची एक खेळी म्हणजे एक सेकंद. त्यामुळे वेग दर सेकंदास यार्डांत सांगावा लागतो. ताशी २३४ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ११४ यार्ड. यंत्राची आघात सोसण्याची शक्ती त्याच्या पौंडांतील वजनाच्या घनमुळाला चाराने गुणून काढतात. रिकाम्या ‘पी-२६’चे वजन सुमारे २,२०० पौंड, त्याचे घनमूळ १३, म्हणून शक्ती ५२. जपानी ‘झीरो’ विमानाचे वजन सुमारे ३,७०० पौंड. त्याचा अंक ६२ येतो. वजनात दोनतृतीयांशाची वाढ असूनही अंकांतील अंतर अल्प राहते, हा घनमुळाचा परिणाम होय. वेगातील अंतर मात्र लपत नाही. ‘झीरो’चा वेग ताशी सुमारे ३३१ मैल, म्हणजे एका खेळीत तो ४७ यार्ड पुढे निघून जातो.

येथे ‘धातूचे’ या विशेषणाचा विचार केला पाहिजे. व्यवहारात हा शब्द ऐकताच चिलखताची कल्पना मनात येते. विमानविद्येत त्याचा अर्थ निराळा आहे. लाकडाचा सांगाडा व त्यावर ताणलेले कापड यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा व पत्रा आला, एवढेच त्यातून सूचित होते. तो पातळ पत्रा बंदुकीची गोळी अडवू शकत नव्हता. म्हणून नियमांत संरक्षणाचा अंक अत्यल्पच ठेवला पाहिजे. शब्दावर विसंबून तो वाढविणारा रूपांतरकार भाषांतरातील नेहमीची चूक करतो : तो पारिभाषिक शब्दाला बोलीतील अर्थ देतो.

चालविण्यातील सुलभता आणखी दोन अंकांनी दर्शविली जाते. एक अंक वैमानिकाच्या कौशल्यात मिळवतात किंवा वजा करतात; दुसरा, फासा चुकल्यास किती चुकीपर्यंत विमान सावरेल हे सांगतो. ‘पी-२६’चा उतरण्याचा वेग त्या काळी फार मानला गेला. तो ताशी सुमारे ८२ मैल होता, आणि पंखांना झडपा बसवून तो ७३ पर्यंत खाली आणावा लागला. उतरताना विमान उलटून एक वैमानिक दगावल्यावर त्याच्या डोक्यामागील आधारही उंच करण्यात आला. खेळात हा धोका वजाबाकीने व्यक्त होतो. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १२ किंवा त्याहून कमी बेरीज १६० वेळा येते, १० किंवा कमी १०८ वेळा, आणि ८ किंवा कमी केवळ ५६ वेळा. दोन-दोन अंकांची वजाबाकी किती महाग पडते, हे यावरून स्पष्ट होईल.

आता मुख्य प्रश्न. १९४१ मध्ये कालबाह्य झालेली काही ‘पी-२६’ विमाने फिलिपिन्सच्या सेनेकडे आली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅप्टन हेसुस व्हिलामोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेऊन जपानी विमानांशी सामना दिला. १२ डिसेंबरला बटांगास येथे लेफ्टनंट सेझार बासा धारातीर्थी पडले. हा प्रसंग खेळात आणणाऱ्या सूत्रधाराला मोह होतो, की आपल्या पक्षाला संधी मिळावी म्हणून विमानाचे अंक थोडे वाढवावेत.

हा मोह टाळला पाहिजे, आणि तो का टाळावा याचे कारण भूमिकाखेळाच्या घडणीतच आहे. जुन्या युद्धखेळांत विमान व वैमानिक मिळून बहुधा एकच सोंगटी असे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून व्यक्तीला स्वतःचे अंक आणि स्वतःचा निर्णय मिळाला. यंत्राचे वर्णन एका रकान्यात आणि माणसाचे दुसऱ्यात, अशी ही विभागणी आहे. पहिल्या रकान्यातील अंक फुगविले, तर दुसऱ्यातील माणसाच्या निर्णयाचा अर्थ कमी होतो. ११४ विरुद्ध १६२ हे अंतर माहीत असूनही जो उड्डाण करतो, त्याच्या कृतीचे मोल त्या अंतरामुळेच कळते. धैर्यासाठी विमानाच्या रकान्यात जागा नाही. म्हणूनच तेथील अंक खरे असणे आवश्यक आहे.