शेतीकामाची द्विपंखी विमाने : अपघात आणि त्यांची कारणे

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यास आकाशातून होणारी फवारणी आता अपरिचित राहिलेली नाही. गेवराई, माजलगाव या भागांतील कापूस व ऊस या पिकांसाठी ड्रोन हे यंत्र उपयोगी पडू शकते, आणि २०२३ साली जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेमुळे महिला बचतगटांसही ते मिळण्याची सोय झाली आहे. परंतु हवेतून औषध टाकण्याची कल्पना ड्रोनबरोबर आलेली नाही. तिला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला असून, त्यातील बराच काळ हे काम एका इंजिनाच्या द्विपंखी विमानांनी केले. या कामात अनेक वैमानिकांना प्राण गमवावे लागले. ते अपघात कशामुळे झाले, हे समजून घेतल्यास आजच्या यंत्रांचा वापरही निर्धोकपणे करता येईल.

प्रारंभ

३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावाजवळ, पाने खाणाऱ्या अळ्यांचा नाश करण्यासाठी एका द्विपंखी विमानातून झाडांवर शिसे-आर्सेनेटची भुकटी धुरळण्यात आली. विमान लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी चालविले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेली शिकाऊ विमाने अमेरिकेत व न्यूझीलंडमध्ये मोठ्या संख्येने शेतीकामास लावण्यात आली. अमेरिकेत ‘स्टिअरमन’ व न्यूझीलंडमध्ये ‘टायगर मॉथ’ ही त्यांतील प्रमुख होत. मॉथ जातीची विमाने आपल्याकडेही ठाऊक होती. मुंबईस जुहू येथे १९२८ साली स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबात अशाच द्विपंखी विमानांवर उड्डाणाचे शिक्षण दिले जाई.

या प्रकारातील सर्वांत मोठे विमान म्हणजे सोव्हिएत संघाचे ‘आन्तोनोव्ह-२’. त्याचे पहिले उड्डाण ३१ ऑगस्ट १९४७ रोजी झाले. एक हजार अश्वशक्तीचे एकच इंजिन, हजार लिटरांहून अधिक औषध मावेल अशी टाकी आणि कच्च्या मैदानावरून उडण्याची क्षमता यांमुळे ते अनेक देशांत पसरले व अठरा हजारांच्या आसपास विमाने तयार झाली. भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने शेतीसाठी ‘बसंत’ हे विमान बांधले व १९७२ साली ते उडविले. पण ते एकपंखी होते.

दोन पंखांचा गुण आणि दोष

एकावर एक असे दोन पंख असल्याने लहान आकारातही भरपूर उचल मिळते. त्यामुळे विमान मंद गतीने उडू शकते, थोड्या जागेत उतरते व शेताच्या टोकाशी चटकन वळते. परंतु दोन पंखांना जोडणारे दांडे व ताणतारा हवेला अडथळा करतात. इंजिनाची शक्ती कमी होताच गती झपाट्याने घटते आणि वैमानिकास विचार करण्यास फारसा अवधी राहत नाही. एरवी उंचावर असताना ही चूक सावरता येते. फवारणीचे विमान मात्र पिकाच्या माथ्यावरून काही मीटर अंतरानेच जात असते. तेथे सावरण्यास जागाच नसते.

अपघातांची मुख्य कारणे

१. तारा : विजेच्या व टेलिफोनच्या तारा हा शेतीविमानाचा जुना शत्रू होय. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे ४४ मीटर अंतर कापते. शंभर मीटरांवर तार दिसली तरी हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. शिवाय मागे झाडी किंवा डोंगर असल्यास तार दिसतच नाही. म्हणून जाणते वैमानिक तार शोधीत नाहीत, खांब शोधतात; आणि काम सुरू करण्यापूर्वी शेताभोवती एक फेरी मारून घेतात.

२. अधिक वजन व तापलेली हवा : जास्त औषध भरले म्हणजे फेऱ्या कमी होतात व पैसा वाचतो, या मोहाने पुष्कळ अपघात घडले आहेत. त्यात हवा तापलेली असेल तर संकट दुणावते. तापलेली हवा विरळ होते. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते व इंजिनाची शक्तीही घटते. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला म्हणजे येथील हवा साधारण हवामानातील १,५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. सकाळी जे वजन घेऊन विमान सहज उठते, तेच वजन दुपारी त्यास पेलत नाही.

३. घाईचे वळण : शेताच्या टोकाशी वळताना विमान कलते. कल ४५ अंशांचा झाल्यास विमान हवेत टिकून राहण्यास लागणारी किमान गती सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. ६० अंशांस ती ४१ टक्क्यांनी वाढते. पुढचा पट्टा लवकर धरावा म्हणून वैमानिकाने वळण आवळले आणि गती अपुरी पडली, तर पंखांची उचल एकाएकी नाहीशी होते व विमान खाली कोसळते.

४. इंजिन बंद पडणे : इंधनात पाणी किंवा कचरा जाणे हे साधे कारण. दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. ज्या भागात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण होते, तेथे पेट्रोलची वाफ होताना थंडावा निर्माण होतो. माठातील पाणी गार होते त्याच नियमाने. पावसाळ्यातील दमट हवेत, बाहेर थंडी नसतानाही, त्या भागात बर्फ साचून इंजिन गुदमरते. म्हणून तेथे गरम हवा सोडण्याची सोय विमानात ठेवलेली असते. ती वेळेवर वापरणे वैमानिकाच्या हाती असते.

५. आडवा वारा : या विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असते व वजनाचा मध्य पुढील दोन चाकांच्या मागे पडतो. बैलगाडी पुढे ओढली तर सरळ चालते. तीच मागे ढकलली तर थोडा कल मिळताच भलतीकडे वळते. उतरताना विमानाचीही हीच गत होते. आडव्या वाऱ्यात ते गर्रकन फिरते आणि पंख जमिनीस घासून मोडतो.

६. विषबाधा व थकवा : ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके श्वासावाटे वा त्वचेवाटे शरीरात गेल्यास डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित होतात, दृष्टी अंधुक होते व चक्कर येते. अशा स्थितीतील वैमानिकास तार कशी दिसावी? टाकी भरताना औषध अंगावर सांडणे व कपडे न बदलता पुढील फेरीस निघणे, येथेच या अपघाताचे मूळ असते.

७. शिस्तीचा अभाव : ११ जून २०१२ रोजी रशियातील सेरोव्ह येथून वणव्यांवर देखरेख करणारे ‘आन्तोनोव्ह-२’ परवानगीवाचून उडाले. त्यात तेरा जण होते. त्याचे अवशेष पुढील वर्षी मे महिन्यात सापडले; कोणीही वाचले नाही. यंत्र कितीही भरवशाचे असले, तरी नियम मोडणाऱ्याचे ते रक्षण करीत नाही.

सुधारणा कशी झाली

अपघातांच्या अभ्यासावरून विमानाची रचनाही बदलण्यात आली. जुन्या विमानांत कोसळताना बसणारा तडाखा वैमानिकापर्यंत सहज पोहोचे, व कोठे कोठे जड टाकी त्याच्या पाठीशी असल्याने तो टाकी व इंजिन यांमध्ये चिरडला जाई. फ्रेड वाइक या अभियंत्याने १९५० साली अमेरिकेत खास शेतीसाठी विमान तयार केले. त्यात टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवली, त्याची बैठक उंच केली, भोवती पोलादी नळ्यांचा मजबूत पिंजरा दिला व खांद्यांवरून पट्टे घेतले. १९५७ साली उडालेल्या ग्रमन कंपनीच्या ‘ॲग-कॅट’ या द्विपंखी विमानातही टाकी पुढे व वैमानिक मागे हीच मांडणी होती. संकटसमयी टाकीतील औषध क्षणात सोडून देण्याची सोय तर शेतीविमानाचे आवश्यक अंगच ठरली.

बीड जिल्ह्यासाठी बोध

वरील कारणे पुन्हा पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. अपघात आकाशात घडतो, पण त्याची सुरुवात बहुधा जमिनीवर झालेली असते : टाकी भरताना, तार दाखवावयाची राहून गेल्याने, वारा वाढला असतानाही काम चालू ठेवल्याने. म्हणून त्याची जबाबदारी एकट्या वैमानिकावर टाकून चालणार नाही. ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, हा मोठाच लाभ आहे. तथापि तारा, वारा, ऊन, अधिक वजन व विष हे पाचही धोके तसेच राहतात. आणि खाली कोसळणाऱ्या यंत्राच्या वाटेत शेतात उभा असलेला माणूस असतो. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या व त्यांच्या वीजवाहिन्या उभ्या राहिल्याने तारांचा प्रश्न तर अधिकच बिकट झाला आहे. फवारणीच्या विषबाधेने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हेही विसरता कामा नये.

यास्तव शेतकरी बंधुभगिनींनी पुढील काळजी घ्यावी :

(१) फवारणीपूर्वी चालकासह शेताची फेरी करावी. प्रत्येक खांब, तार, ताण व उंच झाड दाखवून द्यावे. नव्याने ओढलेली तार आवर्जून सांगावी.

(२) काम सकाळच्या शांत व गार वेळी उरकावे. वारा वाढताच ते थांबवावे. राहिलेला पट्टा दुसऱ्या दिवशी करता येतो.

(३) टाकीत ठरल्यापेक्षा अधिक औषध भरण्याचा आग्रह चालकास करू नये.

(४) औषध मिसळणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. साबण व स्वच्छ पाणी जवळ असावे.

(५) कीटकनाशक नियम १९७१ मधील नियम ४३ अन्वये हवाई फवारणीची सूचना किमान २४ तास आधी लोकांस देणे आवश्यक आहे. चावडीवर व दवंडीने ती गावभर पोहोचवावी. ठरलेल्या मुदतीत माणसे व जनावरे त्या शेतात जाऊ देऊ नयेत. शेजारच्या विहिरी, मधमाश्यांच्या पेट्या व चारापिके यांचाही विचार आधी करावा.

(६) यंत्र कोसळल्यास गर्दी करू नये. सांडलेले औषध व तुटलेली वीजतार ही दोन्ही प्राणघातक असतात. आधी वीज बंद करवून घ्यावी व मगच जवळ जावे. कोणास विषबाधा झाल्यास औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

किडीने एखादा हंगाम बुडाला, तर पुढील हंगामात तो भरून काढता येतो. गेलेला माणूस मात्र परत येत नाही. फवारणीच्या दिवशी शेतावरील प्रत्येकाने याची आठवण ठेवून वागावे.