जीर्ण दप्तरांतील पूर्वज

मीरा-भाईंदरसारख्या नगरात स्थायिक झालेल्या बौद्ध कुटुंबाचा वंशेतिहास पुष्कळदा मूळ गावच्या तहसील कचेरीतील दप्तरात पडून असतो. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. तथापि जात-पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद मागितली जाते. ती कोतवाल बुकात, म्हणजेच गाव नमुना १४ मध्ये, अथवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात शोधावी लागते. हा कागद घडीवरच तुटतो. त्याचे संगणकीय छायांकन निकडीचे आहे, हे सर्वांस मान्य आहे.

परंतु छायाचित्र काढले म्हणजे नोंद उपलब्ध झाली, असे आम्हांस वाटत नाही. जन्मनोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. 'मुलगा' वा 'मुलगी' एवढेच. आणखी मागे जावे तर 'रामनाक बिन सिदनाक महार' अशा धर्तीची नावे, आडनावाचा पत्ता नाही. आडनावांवर रचलेल्या सूचीत हे पूर्वज सापडणार कसे? सूची गाव, पित्याचे नाव आणि वर्ष यांवरच हवी. मूळ शब्द, आज बोचत असले तरी, जसेच्या तसे उतरावेत.

वट्टगामणीच्या काळी सिंहलद्वीपात तिपिटक लेखनिविष्ट झाले. पुढे ताडपत्रे झिजत गेली, प्रती मात्र निघत राहिल्या. संगणकीय प्रतीचेही तसेच आहे. ती एकाच ठिकाणी ठेवू नये. आणि फाटक्या पानास चिकटपट्टी तर मुळीच लावू नये.