जुनापाणीचे खळगे

नागपूर गाठायचं आणि काटोल रस्त्यानं थोडं बाहेर पडायचं. तिथं जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. काही धोंड्यांजवळ उकिडवं बसलं, की वाटीसारखे इवलेसे खळगे दिसतात आणि तेही चक्क ओळीनं!

मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक यानं ही वर्तुळं उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर लेख लिहिला. असेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरही आहेत, हे पाहून तो हरखला. पुढं १९०३ मध्ये तर त्यानं ही पुरातन लिपी असावी, असंच मांडलं. पण शंभर टिंबं सारखीच काढली म्हणून त्यांची बाराखडी होत नाही.

मग पावसानं झिजले असतील? पाऊस सहसा अशा नेटक्या ओळीत झिजवत नाही. धान्य कांडायचं उखळ? उतरत्या बाजूवर ज्वारी टिकेल का? संशय घ्यायचा, तर आपल्याला पटणाऱ्या साध्या उत्तरावरही घ्यावा.

खळगा करायला लागतं काय? कठीण गोटा आणि चिकाटी. पूर्वी दारावर 'टाकी लावायची का' म्हणत यायचे ना, पाटा-वरवंटा टाचून द्यायला? तसंच. एकेका ठोक्यानं पाषाणाची कणी उडते, खोली वाढत जाते. परग्रहवासी कशाला हवेत?

वर्तुळांच्या आत काय होतं, तेही उघड आहे. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथं पुन्हा उत्खनन केलं. दोन्ही वेळच्या खोदकामांतून लोखंडी हत्यारं, घोड्याच्या लगामाच्या कड्या, काळी-तांबडी मडकी निघाली. ही लोहयुगातली दफनं!

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी खळगेवाल्या धोंड्यांच्या दिशा मोजल्या. त्या ठरावीक दिशांना गोळा झालेल्या दिसल्या. हे मोजमाप मला फार मोलाचं वाटतं. त्यावरून थेट ताऱ्यांवर उडी मारताना मात्र सांभाळावं, कारण आकाशात तारे इतके आहेत की कुठल्याही दिशेला एखादा उगवतो किंवा मावळतोच. आपल्या माणसाला पुरताना कुणीतरी मुद्दाम ठोकून ठेवलेल्या खुणा, एवढं मानायला माझी हरकत नाही.

जाल तर सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्यात सावली साचते आणि ओळ नीट वाचता येते. डोक्यावर ऊन आलं, की तोच धोंडा सपाट दिसतो. आणि फोटोसाठी खळग्यांत खडू भरू नका.