दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण अखंड कसे राहते?

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रातील प्रेक्षकांना पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांची सवय झाली. निवेदक, चित्रफितीवरील वृत्त, बाहेरून थेट येणारा समारंभ ही सर्व चित्रे निरनिराळ्या मार्गांनी नियंत्रण कक्षात पोहोचतात आणि त्यांपैकी एकाच चित्राची प्रक्षेपणासाठी निवड होते.

ही निवड राउटर नावाचे यंत्र करते. सोळा संकेत आत येणाऱ्या आणि सोळा वाटा बाहेर जाणाऱ्या अशा यंत्रात २५६ छेदबिंदू असतात. एक संकेत कितीही वाटांना देता येतो. मात्र एका वाटेवर एका वेळी एकच संकेत जाऊ शकतो. जुन्या टेलिफोन केंद्रातील जोडणीशी याचे बरेच साम्य आहे.

अडचण असते ती वेळेची. ६२५ ओळींच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखविली जात आणि प्रत्येक चित्र दोन टप्प्यांत रेखाटले जाई. दोन टप्प्यांच्या दरम्यान २५ ओळींइतका, म्हणजे सुमारे १.६ सहस्रांश सेकंदाचा, रिकामा अवकाश असे. संकेताची अदलाबदल त्यातच करावी लागे. अन्यथा पडद्यावरील चित्र उसळे. त्यासाठी सर्व कॅमेरे व चित्रफीतयंत्रे एकाच समकालन यंत्राच्या तालावर चालविली जात. अंकीय पद्धती आल्यानंतरही तालाची ही शिस्त सुटलेली नाही. साहजिकच, हे एक यंत्र बंद पडले तर संपूर्ण केंद्र विस्कळीत होते. म्हणून अशी दोन यंत्रे ठेवून त्यांना आपोआप बदल करणारी कळ जोडतात.

राखीव व्यवस्थेचे खरे मर्म येथेच आहे. मुख्य आणि राखीव हे दोन्ही मार्ग एकाच विद्युतफलकावर किंवा एकाच केबलमार्गात असतील, तर ते दोन मार्ग केवळ नकाशावरच उरतात. बदल करणारी कळही निकामी होऊ शकते. यासाठी तिच्यात असा रिले बसवितात, की वीज जाताच मुख्य संकेत यंत्राला वगळून थेट पुढे जातो.

बिघाड ओळखणे त्याहून कठीण. संकेत पूर्ण तुटल्यास यंत्राला तत्काळ कळते; गोठलेले चित्र आणि मुद्दाम दाखविलेले स्थिर छायाचित्र यांतील फरक मात्र त्याला सहज कळत नाही. काळोख्या दृश्यालाच बिघाड समजून बदल होऊ नये म्हणून काही सेकंद वाट पाहण्याची योजना केलेली असते. मुख्य मार्ग दुरुस्त झाल्यावर त्याकडे परतण्याचा निर्णय बहुधा अभियंत्यावरच सोपवितात. अन्यथा सदोष मार्ग पुन्हापुन्हा तुटून चित्र सतत इकडेतिकडे होत राहील.

केंद्राबाहेरही हीच कथा आहे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमाचे प्रसारण सुरू झाले. त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबरमध्ये, इन्सॅट-१ ए हा उपग्रह निकामी झाला. त्याची जागा घेणारा इन्सॅट-१ बी ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला.

चक्रीवादळाच्या इशाऱ्याची गरज जेव्हा सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच वीज जाण्याचा संभव असतो. डिझेल जनित्र सुरू होईपर्यंतचा काळ बॅटरीवरील वीजपुरवठा सांभाळतो. परंतु वर्षभर न चालविलेले जनित्र त्या रात्री चालेलच, असे कोणताही जाणता अभियंता गृहीत धरत नाही. म्हणूनच राखीव यंत्रांवर अधूनमधून खरे प्रक्षेपण चालविण्याची पद्धत आहे.