उन्हाळी क्रीडाशिबिर : शुल्क भरण्यापूर्वी

मार्च सरत आला की आमच्या घोटीच्या दवाखान्यात तापखोकल्याच्या रुग्णांबरोबर एक वेगळा प्रश्नही येऊ लागतो. गेल्या वर्षी तो भातगिरणीत काम करणाऱ्या एका वडिलांनी विचारला. बारा वर्षांचा मुलगा शाळेत हॉकी खेळू लागला होता. नाशिकमधील चार आठवड्यांच्या शिबिराचे शुल्क होते ६००० रुपये. "डॉक्टरसाहेब, एवढे पैसे घालून पोराचं भलं होणार असेल, तर बायकोची पोत गहाण ठेवतो. पण होईल का?"

आम्ही कागदावर हिशेब मांडला. काठी, बूट, नडगीचे आणि दातांचे संरक्षक यांचे ३५०० रुपये. चोवीस दिवस बापलेकाच्या प्रवासाचे रोज २०० प्रमाणे ४८०० रुपये. म्हणजे १४३०० रुपये झाले, आणि बुडणारी मजुरी त्याहून वेगळी. शुल्काचा आकडा हा खर्चाचा अर्धा भागही नसतो, हे पालकांनी आधी ध्यानात घ्यावे.

आता एवढ्या पैशांत मिळते काय? चार आठवड्यांत मुलाला काठी धरण्याची, चेंडू अडवण्याची योग्य पद्धत समजते. शिस्त लागते, नवे सवंगडी मिळतात. या काळात ताकद वाढल्यासारखी वाटते, ती मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. परंतु जूनमध्ये सराव थांबला, तर कमावलेला दमसास काही आठवड्यांतच ओसरू लागतो. म्हणून शिबिराचे मोल मे महिन्यात ठरत नाही. जूननंतर मुलगा कोठे आणि कोणाबरोबर खेळणार, यावर ते ठरते.

मोठ्या खेळाडूंच्या वाटचालीतही हेच दिसते. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीत मोडक्या काठ्यांनी खेळत वाढले. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. दोघांच्याही यशामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे. तो एका सुट्टीत विकत घेता येत नाही.

दुसरा हिशेब शरीराचा. तो मी स्वतःच एकदा चुकलो आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला एका महागड्या निवासी शिबिरात घातले. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास सराव चाले. तिसऱ्या आठवड्यात तिने टाच दुखत असल्याचे फोनवर सांगितले. पैसे भरलेले होते, मी म्हणालो, "शेक घे, होईल बरं." घरी आली ती लंगडतच. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचे वाढीचे टोक नाजूक असते. अतिताणाने ते दुखावते. टाच दोन महिन्यांत बरी झाली, पण मुलगी मैदानावर परतली नाही. डॉक्टर असूनही मी तिच्या दुखण्यापेक्षा भरलेल्या शुल्काचे ऐकले, ही खंत आजही आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम सुचवते. तो गावच्या मैदानावर फुकट होतो. एकाच खेळाच्या सरावासाठी सोपा नियम असा : मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला त्याहून अधिक तास नकोत, आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी.

शिबिर निवडण्यापूर्वी एकदा मैदानावर जाऊन पाहावे. सराव उन्हे चढण्याआधी संपतो का? दर वीस मिनिटांनी पाणी पिण्यासाठी मुलांना थांबवतात का? पहिले आठ-दहा दिवस श्रम हळूहळू वाढवतात का? शरीराला उन्हाची सवय होण्यास एवढा काळ लागतोच. एका प्रशिक्षकाकडे किती मुले आहेत? प्रथमोपचाराची पेटी आणि सावली आहे का? "दुखतंय" म्हणणाऱ्या मुलाला विश्रांती देतात की हिणवतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर शिबिर फुकट असले तरी महागच.

मुलात खरोखर चमक दिसली, तर राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीची वाट आहे. तेथे चाचण्यांतून निवड होते आणि राहण्याजेवणासह प्रशिक्षण मिळते. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे त्याची चौकशी करावी.

त्या वडिलांना मी पोत गहाण ठेवू नका, असे सांगितले. त्यांनी मुलाला चांगले बूट आणि काठी घेऊन दिली. शाळेचे क्रीडाशिक्षक सुट्टीतही सकाळी सहा ते साडेसात मुलांना खेळवत होते. मुलगा तेथे जाऊ लागला. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात सराव सुरू राहिला. दिवाळीच्या सुमारास तो खरचटलेला गुडघा दाखवायला आला. पट्टी बांधून होण्याआधीच त्याने विचारले, "डॉक्टर, उद्या खेळायला जाऊ ना?"

हा प्रश्न मूल आपणहून विचारत असेल, तर पुढच्या वर्षी शिबिराचा विचार अवश्य करावा.