चेहऱ्यासाठी वनस्पती तेले

वनस्पती तेल त्वचेला पाणी देत नाही. त्वचेतले पाणी उडून जाण्याचा वेग ते कमी करते. म्हणून तोंड धुतल्यावर, त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन थेंब हलक्या हाताने लावावेत.

कोणते तेल कोणाला मानवेल, हे बरेचसे त्यातल्या मेदाम्लांवर ठरते. सोलापूर-मराठवाड्याकडे पिकणाऱ्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात साधारण 75 टक्के लिनोलेइक आम्ल असते. त्वचेच्या बाह्य थराच्या बांधणीत हे आम्ल लागते. ऑलिव्ह तेलात मात्र ओलेइक आम्ल प्रबळ. ते हाच थर सैल करू शकते, त्यामुळे नाजूक त्वचेने त्यापासून दूर राहिलेले बरे. खोबरेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. अंगाला ते उत्तम, पण मुरुमांचा त्रास असलेल्या चेहऱ्यावर रंध्रे बुजवण्याची भीती असते. घरोघरी हेच तेल हाताशी असल्याने ही गोष्ट ठसवून सांगायला हवी.

कोकमाच्या बियांतून निघणारे मुठेल स्टिअरिक आम्लामुळे एरवी घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते. कोकणात ते फुटलेल्या ओठांना व टाचांना लावतात. गालांवरच्या रखरखीत जागीही ते चालते.

नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे. खवट वास आलेले तेल टाकून द्यावे. उन्हापासून संरक्षण कोणत्याही तेलाने पुरेसे होत नाही. त्यासाठी सनस्क्रीनच लागते.